कासवांच्या बेटावरील शाळा



मागील खेपेस या सदरात आम्ही एलातच्या किनाऱ्याविषयी चार शब्द लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी एक पत्र आम्ही मुद्दाम बाजूला काढून ठेवले. बीरशेबा येथील एका मातेचे ते पत्र आहे. त्यांची धाकटी कन्या लष्करी सेवा संपवून घरी आली असून, इतरांच्या मुलांप्रमाणे तिलाही आता थायलंडला जावयाचे आहे. मात्र तिचा बेत नुसता भटकण्याचा नाही. को ताओ नावाच्या एका लहानशा बेटावर राहून, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या पोटात उतरण्याची विद्या तिला शिकावयाची आहे. आई लिहितात, "दोन वर्षे ती सैन्यात होती तेव्हा आम्हांला रात्रीची झोप नव्हती. आता कुठे ती घरी आली, तर पाण्याखाली जाते म्हणते. मास्तर, तुम्हीच सांगा, पाठवावे की नाही?"

२०२३ सालच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही घरच्या मंडळींसह त्या बेटावर आठ दिवस राहून आलो आहोत. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार आम्हांस आहे, असे समजून लिहितो.

आपल्या लोकांचा समुद्राशी संबंध जुना खरा, परंतु तो फारसा प्रेमाचा नाही. नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेल्या गलबताची आणि त्यातून वाचलेल्या सात पुरुष व सात स्त्रियांची कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. समुद्राने एकदा असा हिसका दाखविल्यावर आपल्या पूर्वजांनी होडीचा धंदा धरला नाही, तेलाचा घाणा धरला. अलिबाग, रेवदंडा, मुरूड या बाजूस जन्म काढलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांपैकी पोहता येणारे फारच थोडे. पाण्यात पाय भिजवावेत, फार तर गुडघ्यापर्यंत जावे, आणि भरती सुरू झाली की चपला हातात घेऊन घरी यावे, एवढीच त्यांची समुद्राशी ओळख. तेव्हा या आईंची भीती आम्हांस परकी वाटत नाही. ती आमच्याही घरातली आहे.

आता बेटाविषयी. को ताओ हे थायलंडच्या आखातात, को सामुई व को फांगान या दोन मोठ्या बेटांच्या उत्तरेस आहे. क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर. थाई भाषेत 'को' म्हणजे बेट आणि 'ताओ' म्हणजे कासव. पूर्वी येथे कासवे मोठ्या संख्येने येत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. कासवे आजही दिसतात, पण नावावरून जितकी अपेक्षा करावी तितकी नव्हे. १८९९ साली सयामचा राजा चुलालोंगकोर्न येथे येऊन गेला. सैरी नावाच्या मुख्य पुळणीच्या टोकाशी एका मोठ्या खडकावर त्याची अक्षरमुद्रा कोरलेली आहे, आणि तेथील लोक आजही तेथे फुले व उदबत्ती वाहतात. पुढे त्याच राज्याच्या सरकारने या बेटाचा उपयोग राजकीय कैद्यांना डांबून ठेवण्यासाठी केला. १९४०च्या दशकात त्या कैद्यांना राजाची माफी मिळाली व बेट पुन्हा ओस पडले. नंतर शेजारच्या को फांगानहून काही कुटुंबे आली, त्यांनी नारळ लावले, मासेमारी केली. १९८०च्या सुमारास पाठीवर पिशवी घेऊन हिंडणारे परदेशी तरुण येऊ लागले आणि त्यांच्या मागोमाग पाणबुड्यांच्या शाळा आल्या. आज जगात जेथे सर्वाधिक नवे पाणबुडे तयार होतात अशा मोजक्या ठिकाणांत या एवढ्याशा बेटाची गणना होते. ज्या बेटावर माणसे पळून जाऊ नयेत म्हणून ठेवली जात, तेथे आता लोक पैसे मोजून जातात, ही काळाची गंमत म्हणावयाची.

बेटावर विमानतळ नाही, हे आमच्या मते त्याचे भाग्य. बँकॉकहून रेल्वेने किंवा मोटारीने चुंफोन या गावी जावे व तेथून वेगवान बोटीने सुमारे दोन तासांत बेट गाठावे. रेल्वेने जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. जुन्या प्रवासवर्णनांत वाचलेल्या हुआ लाम्फोंग स्थानकावरून दक्षिणेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या आता सुटत नाहीत, २०२३ पासून त्या बांग सू येथील नव्या स्थानकावरून सुटतात. ऋतूविषयीही पुष्कळांचा घोटाळा होतो. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आपल्या कोकणासारखाच मे ते ऑक्टोबर हा पावसाळा असतो, परंतु आखाताच्या बाजूचा मुसळधार पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत येतो. नोव्हेंबरात समुद्र खवळलेला असतो व बोटी कित्येकदा रद्द होतात. म्हणजे आपल्या सणांच्या सुट्ट्या संपल्यानंतर लगेच निघणाऱ्यांना हवामान साथ देईलच असे नाही. मार्च ते मे, आणि पुन्हा जुलै, ऑगस्ट हा काळ चांगला.

असो. मूळ प्रश्न पाण्याखाली जाण्याचा आहे, आणि तेथे थोडे शास्त्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. आम्ही पडलो शिक्षक. फळ्यावर आकृती काढल्याशिवाय आमचे समाधान होत नाही, पण येथे फळा नाही, तेव्हा वाचकांनी एक फुगा डोळ्यांसमोर आणावा.

समुद्रसपाटीवर हवेचा जो भार आपल्या अंगावर असतो त्यास एक वातावरण इतका दाब म्हणतात. पाण्यात खाली जाताना दर दहा मीटरला तेवढाच दाब आणखी वाढतो. दहा मीटरवर तो दुप्पट होतो, वीसवर तिप्पट, तीसवर चौपट. रॉबर्ट बॉईल याने १६६२ साली मांडलेला नियम आपण सर्वांनी शाळेत पाठ केला आहे. दाब दुप्पट झाला की वायूचे आकारमान निम्मे होते. आपला फुगा दहा मीटर खाली नेला तर तो अर्धा होईल, आणि वर आणला की पुन्हा पूर्ववत. यात भय कोणतेच नाही. भय पुढे आहे. पाणबुड्या जी हवा घेतो ती वरची नव्हे. टाकीस लावलेले यंत्र त्या त्या खोलीच्या दाबाची हवा त्याच्या तोंडात देते. दहा मीटरवर त्याने छाती भरून सहा लिटर हवा घेतली, आणि श्वास रोखून तो वर आला, तर पृष्ठभागी पोहोचेपर्यंत त्या सहा लिटरचे बारा लिटर होऊ पाहतात. छातीत बारा लिटरना जागा कोठून येणार? फुप्फुसाचे नाजूक अस्तर फाटते व हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात. म्हणून पहिल्या दिवशी, पाण्यात पाय घालण्यापूर्वी, शिकवितात तो पहिला नियम असा की श्वास कधीही रोखावयाचा नाही. आपल्याला लहानपणी विहिरीत ढकलणारे मामा-काका "श्वास धर" असे ओरडत असत. येथे त्याच्या नेमके उलट. आणखी एक गोष्ट पालकांनी समजून घ्यावी. खोल पाणी तेवढे धोक्याचे व उथळ पाणी सुरक्षित, हा समज बरोबर नाही. दाबाचे प्रमाण सर्वांत झपाट्याने बदलते ते शेवटच्या दहा मीटरांत. घाबरून वर धाव घेणाऱ्याला इजा होते ती पुष्कळदा याच टप्प्यात.

दुसरी गोष्ट नत्रवायूची. जुन्या मुंबईत गोटी असलेल्या बाटलीतला सोडा ज्यांनी प्यायला आहे त्यांना ती चटकन समजेल. गोटी आत दाबीपर्यंत बाटलीत बुडबुडे दिसत नाहीत, कारण वायू दाबाखाली पाण्यात विरघळलेला असतो. गोटी दाबली की तो फसफसून बाहेर येतो. खोल पाण्यात दाबाखाली घेतलेल्या हवेतील नत्रवायू असाच रक्तात व मांसपेशींत विरघळतो. पाणबुड्या सावकाश वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आला तर अंगातच सोड्याची बाटली उघडते. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, प्रसंगी मज्जातंतूंना कायमची इजा होते. जे. एस. हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बोकडांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. हल्ली मिनिटास ९ मीटरहून अधिक वेगाने वर येऊ नये, व पाच मीटर खोलीवर तीन मिनिटे थांबावे असे शिकवितात. त्या तीन मिनिटांत करावयाचे काहीच नसते. दोरीला धरून स्वस्थ राहावयाचे. आमच्या गटातील लष्करातून नुकतेच सुटलेले दोन तरुण सांगत होते की साऱ्या शिक्षणात त्यांना सर्वांत कठीण वाटले ते हेच स्वस्थ राहणे. धावणे, ओझी वाहणे, झोपेवाचून जागणे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. सावकाशीची सवय मात्र कोणी लावली नव्हती.

प्राथमिक दाखल्याचा अभ्यास तीन ते चार दिवसांचा असतो. आरंभी कमरेएवढ्या पाण्यात काचेच्या चष्म्यात पाणी शिरले तर नाकाने फुंकून कसे काढावे, तोंडातील नळी सुटली तर ती कशी शोधावी, आपली हवा संपली तर जोडीदाराची कशी घ्यावी, हे पुन्हा पुन्हा घोटून घेतात. एकट्याने बुडी मारावयाची नाही, जोडीनेच जावयाचे. हा दाखला मिळाला की १८ मीटरपर्यंत, आणि पुढची पायरी घेतली की ३० मीटरपर्यंत जाता येते. वर्ग अनेक भाषांत चालतात, हिब्रू बोलणारे शिक्षकही भेटतात. तरीदेखील आमचे मत असे की ज्यांना शक्य आहे त्यांनी पहिले धडे एलातलाच घ्यावेत. तेथे १९७९ सालचा क्रीडा-पाणबुडीचा कायदा लागू आहे, विम्यावाचून कोणी पाण्यात उतरवीत नाही, आणि काही बिनसले तर आई-बाप चार तासांत पोहोचू शकतात.

आम्ही स्वतः अभ्यासक्रम केला नाही. आमच्यासारख्यांसाठी शिक्षकाच्या हाताला धरून बारा मीटरच्या आत एक ओळखीची बुडी असते, तेवढी केली. तत्पूर्वी प्रकृतीची प्रश्नावली भरून द्यावी लागते. दमा, कानाचे दुखणे, हृदयविकार, फेफरे यांपैकी काही असल्यास, किंवा वय पंचेचाळिसांच्या पुढे असून रक्तदाबासारखी तक्रार असल्यास, वैद्याची लेखी संमती हवी. आम्ही ती घरून निघतानाच घेतली होती. येथे एक सांगणे अत्यावश्यक आहे. तरुण मुले या प्रश्नावलीवर डोळे मिटून सर्वत्र 'नाही' लिहितात, कारण खरे लिहिले तर एक दिवस दवाखान्यात मोडतो. ज्या घरातील मुलास लहानपणी दमा होता त्या घरच्या आईने या एकाच गोष्टीची चौकशी करावी. बाकी शंभर सूचना दिल्या नाहीत तरी चालेल. सर्दी झाली असतानाही उतरू नये. नाक चिमटीत धरून हळूच फुंकले की कान मोकळे होतात व खाली जाता येते, पण नाक चोंदले असेल तर ते होत नाही आणि पडद्यावर ताण येतो.

खाली काय दिसते, हे शब्दांत सांगणे कठीण. प्रथम जाणवतो तो आवाज. स्वतःच्या श्वासाखेरीज दुसरे फारसे ऐकू येत नाही, आणि बोटीचे यंत्र वाजले तरी ते कोणत्या बाजूस आहे हे उमगत नाही. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे दोन कानांना दिशेचा हिशेब लागत नाही. मग रंग. तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो. आमच्या मनगटास बांधलेली तांबडी दोरी खाली करड्या रंगाची झाली, आणि शिक्षकाने त्यावर विजेरीचा झोत टाकताच पुन्हा लालभडक. शाळेत प्रकाशाचे पृथक्करण आम्ही कित्येक वर्षे लोलकाने शिकविले, पण त्याचा असा प्रत्यय आम्हांस पूर्वी कधी आला नव्हता.

मासे तर असंख्य. पोपटमासा नावाचा एक हिरवा-निळा मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक करकरून खरवडतो. तो आवाज मात्र स्पष्ट ऐकू येतो. त्यातील शेवाळ तो पचवितो आणि चुन्याचे पीठ मागून टाकून देतो. उष्ण कटिबंधातील पुष्कळशा शुभ्र पुळणींची वाळू अशीच माशांच्या पोटातून आलेली असते. घरच्या मंडळींना ही माहिती सांगितल्यावर त्यांनी वाळूवर अनवाणी चालणे सोडले, हा भाग वेगळा. ट्रिगरफिशची एक मोठी जात येथे प्रसिद्ध आहे. मादी-नर अंडी राखीत असताना जवळ येणाऱ्यास ती चावते. तिची हद्द घरट्यापासून वर उलट्या शंकूसारखी पसरत जाते, म्हणून घाबरून वर पोहणारा तिच्याच राज्यात अधिक शिरतो. आडवे पोहून दूर व्हावे. उथळ खाडीत काळ्या टोकाच्या पंखांच्या लहान मोऱ्या फिरतात, त्या माणसास पाहून स्वतःच पळतात. कधीमधी अवाढव्य व्हेल शार्कही येतो. नाव भयंकर असले तरी तो पाण्यातील बारीक जीव गाळून खाणारा साधा प्राणी. आम्हांस तो दिसला नाही. दाखला असलेल्यांना 'सत्ताकूत' हे जुने युद्धजहाजही पाहता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत बांधलेले, पुढे थाई नौदलात गेलेले हे जहाज २०११ साली मुद्दाम येथे बुडविण्यात आले, जेणेकरून त्याच्या आश्रयाने जीव वाढावेत व जिवंत प्रवाळावरील पाणबुड्यांची गर्दीही थोडी कमी व्हावी.

आणि येथूनच आमच्या लेखाचा जो खरा विषय तो सुरू होतो. आई विचारतात, मुलगी सुखरूप परत येईल काय? नियम पाळले तर येईल, असे आमचे उत्तर आहे. परंतु ती ज्या गोष्टीसाठी जात आहे ती गोष्ट तेथे किती दिवस राहील, हाही प्रश्न आहे.

प्रवाळ ही वनस्पती नव्हे व दगडही नव्हे. लहान लहान प्राण्यांची ती वसाहत असते. प्रत्येक प्राणी आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतो. भरीव गोलाकार जाती वर्षाला सुमारे एक सेंटीमीटरच वाढतात, म्हणजे माणसाच्या डोक्याएवढा गोळा तयार होण्यास शाळेच्या पहिलीतील मुलाने पदवी घेण्याइतका काळ लागतो. या प्राण्यांच्या अंगात एकपेशी शेवाळ राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा घरमालकास देते. रंगही त्याचाच. परंतु पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जरी जास्त तापले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, तर प्राणी या भाडेकरूला बाहेर घालवितो व पांढराफटक पडतो. तो अजून मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर शेवाळ परत येते. न निवल्यास प्राणी मरतो व त्याच्या सापळ्यावर तपकिरी बुरशीसारखे शेवाळ चढते. १९९८ आणि २०१० साली थायलंडच्या समुद्रात असे घडले. २०२४ च्या एप्रिलात जगभरातील प्रवाळांवर चौथ्यांदा हे संकट आल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले, आणि त्याच उन्हाळ्यात थायलंडच्या आखातातील प्रवाळही पांढरे पडले. आम्ही पाहिले ते त्याच्या आदल्या वर्षीचे. ज्या शिंगांसारख्या फांद्यांमध्ये आम्ही निळ्या माशांचे थवे पाहिले, त्यांतील आज किती जिवंत असतील, हा विचार वर्तमानपत्र वाचताना आमच्या मनातून जाईना.

समुद्राचे तापणे एका पाहुण्याच्या हाती नाही. परंतु तापाने अशक्त झालेल्या रोग्याच्या छातीवर आपण पाय ठेवू नये, एवढे तर हाती आहे. नवशिक्याचे रबरी पंख खाली लोंबतात आणि एका फटक्यात वीस वर्षांची वाढ मोडतात. तोल साधला नाही म्हणून तो प्रवाळाला धरतो, आणि धरलेला भाग मरतो. छायाचित्राच्या नादात तर कोणाचे भान राहत नाही. २०२५ साली थायलंड सरकारने यासाठी नियम कडक केले. एका शिक्षकामागे चारांहून अधिक माणसे नकोत, आणि पुरेसा अनुभव नसलेल्याने पाण्याखाली कॅमेरा नेऊ नये. आमच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट झाली. बोटींनी नांगर न टाकता ठरलेल्या तरंगत्या पिंपांना दोर बांधावा, अशीही व्यवस्था बेटाभोवती आहे. काही शाळा तुटलेल्या फांद्या गोळा करून काँक्रीटच्या ठोकळ्यांवर पुन्हा लावतात. शाळा निवडताना मुलीने भाव विचारण्यापूर्वी एका गटात किती जण असतात हे विचारावे. स्वस्त वर्गात गर्दी असते, आणि गर्दीत प्रवाळही मोडतो व शिकणारेही नीट शिकत नाहीत. अंगाला उन्हापासून वाचविणारे मलम लावण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा बरा. काही मलमांतील द्रव्ये प्रवाळास बाधतात म्हणून थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून त्यांना बंदी आहे. को ताओ तशा उद्यानात मोडत नाही, तरी प्रवाळ तोच.

जेवणाविषयी थोडे. आपल्या स्त्रियांना थाई स्वयंपाक पाहून घरच्यासारखे वाटेल, कारण तेथेही रश्शात नारळाचे दूध. आपल्याकडे मांसाबरोबर गाईचे दूध चालत नाही म्हणून नारळाचे आले, त्यांच्याकडे नारळच दारात म्हणून. परंतु ज्यांच्या घरी कश्रूत पाळतात त्यांनी सावध असावे. रश्शाच्या वाटणात 'कापी' नावाची कोळंबीची आंबविलेली चटणी जवळजवळ नेहमी असते, आणि भाजीवर कालवांचा रस घालतात. वरून कोळंबी दिसली नाही म्हणजे ती नाही असे नव्हे. भात, फळे, शहाळी, आणि डोळ्यांदेखत भाजलेला खवल्यांचा मासा यांवर आमचे आठ दिवस उत्तम गेले. शब्बाथसाठी सोबत हवी असल्यास को फांगान व को सामुई येथे हबादची घरे आहेत.

पाण्यापेक्षा जमिनीवरचे धोके अधिक, हे आईंना सांगितले पाहिजे. बेटावरचे चढ-उतार छपराच्या उतरणीसारखे आहेत आणि भाड्याची स्कूटर कोणासही मिळते. दवाखान्यासमोर कोपर-गुडघे बांधलेली तरुण मंडळी रोज दिसत. परवाना नसताना चालविल्यास विमा पैसे देत नाही, आणि स्कूटरच्या मोबदल्यात पारपत्र ठेवून घेण्याची रीत आहे, ती कदापि मानू नये. रात्री सैरीच्या पुळणीवर बादलीतून मद्य विकतात. ज्याला सकाळी बुडी मारावयाची आहे त्याने तिकडे फिरकू नये. २०१४ साली दोन तरुण ब्रिटिश प्रवाशांची याच पुळणीवर हत्या झाली, त्याची चर्चा जगभर झाली. म्हणून बेट वाईट ठरत नाही, परंतु अपरात्री एकटीने फिरू नये हे येथेही तितकेच खरे. आणि वागणुकीविषयी एक शब्द. २०२५ च्या आरंभी उत्तर थायलंडमधील पाय या गावच्या लोकांनी आपल्या देशातील प्रवाशांच्या वर्तनाविषयी तक्रारी केल्या, त्या आपण वाचल्याच असतील. थाई माणूस मोठ्या आवाजाला उत्तर देत नाही, हसून बाजूला होतो. ते हसणे म्हणजे संमती नव्हे, हे आपल्या मुलांना कोणीतरी सांगावयास हवे. भारतातून आलेल्या आपल्या घरांत हे समजावणे अवघड नसावे. आपल्या आज्या अशाच हसत असत.

तेव्हा आईंना आमचे सांगणे असे की तिला जाऊ द्यावे. जाण्यापूर्वी वैद्याकडे न्यावे, पाणबुड्यांचा विमा उतरवून द्यावा, व सर्वांत जवळची दाबकोठडी, जेथे नत्रवायूची बाधा झालेल्यांवर उपचार करतात ती, कोणत्या बेटावर आहे हे शाळेला पहिल्याच दिवशी विचारण्यास सांगावे. परतीचे विमान ठरविताना शेवटची बुडी व उड्डाण यांत किमान अठरा तासांचे अंतर राखावे, कारण विमानात दाब आणखी कमी होतो. आमच्या मते तर शेवटचा संपूर्ण दिवस कोरडा ठेवावा. त्या दिवशी समोरच्या नांग युआन येथे जाता येते. तीन लहान टेकड्या वाळूच्या एका बारीक पट्टीने जोडलेल्या आहेत, आणि पायऱ्या चढून वर गेले की ती पट्टी दोन्ही बाजूंच्या पाण्यासह दिसते. परदेशी माणसाला तेथे प्रवेशमूल्य पडते. प्लास्टिकच्या बाटल्या धक्क्यावरच काढून घेतात, म्हणून पाणी न्यावयाचे ते धातूच्या बाटलीतून न्यावे. आणि सकाळी लवकर जावे. दहानंतर मोठ्या बेटांवरून बोटी येऊ लागतात, मग पायऱ्यांवर उभे राहावयास जागा नसते.